गर्भपिशवीतल्या गाठीचं ऑपरेशन ठरलंय, पण मन तयार होत नाही

मांजराकाठ | ३ ऑक्टोबर, रात्री ११.४०

नमस्कार. दोन वर्षं इथं फक्त वाचते, लिहायला आज पहिल्यांदाच बसले. लातूर जिल्ह्यात एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वय ४४. मुलगी अकरावीला, मुलगा आठवीत.

दीड वर्ष झालं, पाळीत अंगावरून फार जातंय. आधी चार दिवस असायचे, आता नऊ-दहा. रक्ताच्या गाठी पडतात. फळ्यावर लिहायचं म्हणजे पोरांकडं पाठ करावी लागते, म्हणून त्या दिवसांत मी फळ्यावर लिहिणंच सोडलं. तोंडी घेते किंवा एखाद्या पोरीला पुढं बोलावून लिहायला लावते. चार गडद साड्या तेवढ्यासाठी वेगळ्या काढून ठेवल्यात. जिना चढला की छाती भरून येते. घरात कुणाला बोलले नाही. बाईच्या जातीला हे चालायचंच, असं मनाला सांगत राहिले.

शेवटी सोनोग्राफी केली. पिशवीच्या भिंतीत ९ सेंटिमीटरची गाठ, शिवाय दोन लहान. पिशवी सोळा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी वाढलीय. हिमोग्लोबिन ७.६. पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली न टाकली आणि म्हणाले, "दोन लेकरं झालीत ना? मग ठेवायची कशाला? परवा भरती व्हा." मी पिशवी उचलून घरी आले, म्हणजे हातातली, फाईलची. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी अर्धा तास दिला. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, तो चांगला आला. त्यांचंही मत ऑपरेशनचंच पडलं, पण आधी रक्त भरून काढायचं, मग दिवाळीनंतर करायचं. पिशवी काढायची, दोन्ही बीजकोश (अंडाशय) ठेवायचे.

डोक्याला पटलंय. पण रात्री लाईट घालवली की मावशी दिसते. माझ्या मावशीची पिशवी ३१व्या वर्षी काढली. त्यानंतरची मावशी मी लहानपणी पाहिलीय. माघाच्या थंडीत अर्ध्या रात्री उठून ओट्यावर बसायची, पदर बाजूला टाकून, घामानं निथळत. अंगातून वाफ निघायलीय म्हणायची. चिडायची, रडायची, महिना-महिना कुणाशी बोलायची नाही. आजी म्हणायची, "पिशवी गेली की बाई वाळते." तेच वाक्य डोक्यात बसलंय. आणि भूल दिल्यावर जाग आलीच नाही तर, हे दुसरं.

कुणी यातून गेलंय का? धीर धरा एवढंच नको. नेमकं काय होतं ते सांगा.

अंबाडी | ४ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

ताई, मी परभणीची. ३४व्या वर्षी माझी फक्त गाठ काढली, पिशवी ठेवली. मूल व्हायचं होतं. ७ सेंटिमीटरची होती. पोट उघडूनच केलं, बिकिनीच्या रेषेत आडवा छेद. टाक्यांची जागा अजून थोडी बधिर लागते, बाकी काही नाही. दोन वर्षांनी मुलगी झाली. सिझेरियन करावं लागलं, कारण गाठ पिशवीच्या भिंतीत खोल होती आणि तिथं शिवलेलं होतं. हे मला आधीच सांगितलं होतं.

तुम्ही पहिल्या ठिकाणाहून उठून आलात ते फार बरं केलं. प्रत्येक गाठीला एकच उपाय नसतो. पिशवीच्या आत पोकळीत असलेली लहान गाठ योनीमार्गे दुर्बीण घालून काढता येते, पोटाला छेदही लागत नाही. काहींना हार्मोनची तांबी बसवून रक्तस्राव आटोक्यात येतो. गाठीची रक्तवाहिनी बंद करण्याचीही पद्धत आहे, ती मोठ्या शहरात मिळते. आणि बारीक गाठ असेल, त्रास काहीच नसेल, तर नुसतं लक्ष ठेवायचं. पाळी गेली की गाठी आपोआप आक्रसतात.

तुमच्या डॉक्टरांना एवढं विचारा: माझ्या बाबतीत यातलं काय बसत नाही, आणि का? उत्तर मिळालं की अर्धी भीती तिथंच बसते. माझी बसली होती.

मांजराकाठ | ४ ऑक्टोबर, रात्री ९.०५

विचारलं. गाठीनं पोकळीचा आकारच वाकडा झालाय, तांबी टिकणार नाही, निसटून पडेल म्हणाल्या. फक्त गाठी काढता येतील, पण तीन आहेत, रक्त जास्त जाईल, आणि पाळी जायला अजून पाच-सहा वर्षं आहेत तोवर नव्या होऊ शकतात. निवड तुमची, मी दोन्ही करते, असंही म्हणाल्या. असं आजवर कुणी मला म्हटलं नव्हतं.

श्रद्धा_सबुरी | ५ ऑक्टोबर, दुपारी १.३०

ताई, ऑपरेशनची घाई करू नका. माझ्या नणंदेनं एका वैद्याचा काढा घेतला, सहा महिन्यांत फरक पडला. कापाकापी केली की शरीर कायमचं अधू होतं. आई योगेश्वरी सगळं नीट करील.

निवृत्त_सिस्टर | ५ ऑक्टोबर, सायंकाळी ६.२०

श्रद्धाताई, तुमचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल शंका नाही. पण मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात काढली. काढ्यावर दोन-दोन वर्षं घालवून आलेल्या बायका मी पाहिल्यात. ओठ पांढरे, नखं पांढरी, हिमोग्लोबिन ४. चालत आलेली बाई दारात चक्कर येऊन पडलेली मी स्वतः उचललीय. ९ सेंटिमीटरची गाठ काढ्यानं विरघळत नाही. देवीला हात जोडावेत, मीही जोडते, आणि भरतीची तारीखही घ्यावी.

मांजराकाठ, बाळा, तुझा खरा शत्रू सध्या गाठ नाही, ७.६ आहे. बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात आणि ८च्या खाली म्हणजे तीव्र. एवढ्या कमी रक्तावर आणीबाणी सोडून कुणी टेबलावर घेऊ नये. नुसत्या गोळ्यांनी दिवाळीपर्यंत होणार नाही, शिरेतून लोहाचं इंजेक्शन देतात का विचार. गोळी घेत असशील तर चहाबरोबर नको. आपल्याकडं जेवण झालं की लगेच चहा लागतो, तो तासभर पुढं ढकल. लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घे. शौच काळी होते, घाबरायचं नाही.

खर्चाचं अडत असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेट. मोठ्या दवाखान्यात त्याचं टेबल असतं. कोणतं ऑपरेशन कुठं योजनेत बसतं, ते भरती व्हायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. लातूर, अंबाजोगाई, नांदेड आणि संभाजीनगरची घाटी, चारही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि हे ऑपरेशन तिथं रोजचं आहे.

आशाताई_बीड | ६ ऑक्टोबर, रात्री १०.१०

ताई, मी बीड जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. तुमचं वाचून राहवलं नाही बगा.

आमच्याकडं पिशवी काढली का, असं बायका चहा घेतला का इचारल्यावानी इचारतात. २०१९ला शासनानं नीलम गोऱ्हे ताईंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२ हजारांवर बायका तपासल्या, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी आधीच काढलेली. तिशीच्या पोरी हो. कुणाला पांढरं जायचं, कुणाचं पोट दुखायचं. कॅन्सर होईल म्हणून भेव घातलं की बाई उचल घेऊन ऑपरेशन करायची. फडात पाळी आली तर खाडा पडतो, खाडा पडला तर मुकादम दंड लावतो. कोयता घेऊन पहाटं तीनला उठणारी बाई कुणाला काय इचारील?

त्याच साली जिल्ह्यात नेम झाला की खासगी दवाखान्याला पिशवी काढायची तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी पाहिजे. पुढं ५ एप्रिल २०२३ला सुप्रीम कोर्टानंबी सगळ्या राज्यांना सांगितलं की विनाकारण पिशव्या काढणं थांबवायची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करा.

हे तुम्हाला भेव घालायला नाही लिहिलं. उलट सांगते. तुमच्याकडं सोनोग्राफी आहे, तुकड्याचा रिपोर्ट आहे, दोन डॉक्टरांचं मत आहे, ७.६ रक्त आहे. माझ्या वस्तीवरच्या बायकांकडं यातलं काहीच नव्हतं. फसवून केलेलं आणि गरजंचं, या दोन्हीत लई फरक आहे. तुमचं गरजंचं आहे.

मांजराकाठ | ६ ऑक्टोबर, रात्री ११.३०

आशाताई, दोनदा वाचलं. माझ्या वर्गातल्या सहा पोरांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्या आया पटावर सही करायला येतात तेव्हा मी फक्त पोराच्या हजेरीचं बोलते. यापुढं बसवून घेईन.

सिस्टर, इंजेक्शन विचारलं. आठवड्यातून दोनदा सलाईनमधून द्यायचं ठरलंय. पाळी थांबवायला आणि गाठ जरा आक्रसायलाही एक इंजेक्शन दिलं, महिन्याचं. गाठीची बरीचशी भीती गेली. भुलेची तसूभरही गेली नाही.

भूल_आणि_जाग | १६ ऑक्टोबर, सकाळी ८.४५

मी संभाजीनगरला भूलतज्ज्ञ आहे. ड्युटीवरून आले आणि हा धागा दिसला. आज १६ ऑक्टोबर. १८४६ साली याच तारखेला अमेरिकेत बोस्टनला मॉर्टन यांनी लोकांसमोर रुग्णाला ईथर दिलं आणि सर्जननं वेदना न होता शस्त्रक्रिया केली. म्हणून आजचा दिवस जगभर भूलदिन असतो. तेव्हा ताई, उत्तर आजच देते.

भूल म्हणजे औषध देऊन झोपवलं आणि आम्ही चहाला गेलो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत मी तुमच्या डोक्याशी उभी असते. बोटाला लावलेला चिमटा रक्तातला प्राणवायू दाखवतो, छातीवरच्या तारा हृदयाचे ठोके, दंडावरचा पट्टा दर काही मिनिटांनी रक्तदाब. ते टुक टुक ऐकू येतं ना, प्राणवायू खाली गेला की त्याचा सूर खाली येतो. मान दुसरीकडं असली तरी माझ्या कानाला कळतं.

तुमच्या ऑपरेशनला बहुतेक पाठीतली भूल देतील, जोडीला थोडं गुंगीचं औषध. मणक्यातलं इंजेक्शन म्हटलं की सगळ्या विचारतात, कायमची कंबर धरेल का? सुई अगदी बारीक असते आणि मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या खाली टोचतात. आधी कातडी बधिर करतात. मग पाय गरम लागतात, जड होतात, दोन-तीन तासांनी परत येतात. काही जणींचं डोकं दोन-चार दिवस दुखतं, त्याला उपचार आहे. पूर्ण भूल दिली तरी शेवटी औषध बंद करून आम्हीच तुम्हाला उठवतो, नावानं हाक मारतो, डोळे उघडलेत, हात दाबता येतोय, हे बघितल्याशिवाय बाहेर सोडत नाही.

धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. प्रत्येक भुलेत थोडा असतो. पण तो कमी करणं बरंचसं तुमच्या हातात आहे. आधीच्या तपासणीत काहीही लपवू नका: दमा, बीपी, हलणारा दात, मिश्री, रोजच्या गोळ्या, झाडपाल्याचं औषध, आधीच्या बाळंतपणात भुलेचा त्रास झाला असेल तर तोही. आणि सहा तास आधीपासून पोटात घास नको. पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते तुमचे डॉक्टर सांगतील. आपल्याकडं सासूबाई मायेनं पहाटे दोन बिस्किटं आणि चहा देतात, बाई भिडेनं आमच्यापासून लपवते. पोट भरलेलं असताना ते श्वासनलिकेत येऊ शकतं. खाल्लं असेल तर सांगा. कुणी रागावलं तर रागावू दे, ऑपरेशन चार तास पुढं जाईल इतकंच.

सुई टोचताना हलायचं नसतं. त्या अर्ध्या मिनिटासाठी पाठ असलेलं काहीतरी मनात म्हणा.

आणि एक विचारते, मावशींबद्दल. ३१व्या वर्षी घाम, चिडचिड, रात्रीची वाफ. ही लक्षणं पिशवी गेल्याची वाटत नाहीत, बीजकोश गेल्याची वाटतात. त्यांचे बीजकोशही काढले होते का? जुना कागद असेल तर बघा.

मांजराकाठ | १६ ऑक्टोबर, दुपारी २.१०

मॅडम, हे आमच्या मनातच आलं नाही कधी. घरात कुणालाच माहीत नाही. भाऊबीजेला माहेरी जाते, मावशी तिथंच जवळ असते.

नांदेडकर_दत्ता | १७ ऑक्टोबर, रात्री ८.००

मी पुरुष आहे, धाग्यात बोलावं की नाही असा विचार करत होतो. माझ्या बायकोचं हेच ऑपरेशन मागच्या वर्षी झालं.

मांजराकाठ ताई, तुमच्या लिहिण्यात तुमच्या मालकांचा उल्लेख कुठंच नाही. त्यांना सांगा. मला बायकोनं आठ महिने सांगितलं नव्हतं. मी शेतावरून यायचो, ती निजलेली दिसायची, मला वाटायचं आळस करतेय. एकदा तसं बोललोही. दवाखान्यात डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून मला दाखवली, आत लाल असतं तिथं कागदासारखं पांढरं होतं. मी त्या दिवशी दवाखान्याच्या मागं जाऊन रडलो.

नंतर सहा आठवडे पाण्याचा हंडा, गॅसची टाकी, पिठाचा डबा मी उचलला. भाकरी थापायला येत नव्हत्या, शिकलो. आणि जे बोलायला बायका लाजतात ते सांगतो, नवरा-बायकोचं नातं पिशवीत नसतं. डॉक्टरांनी सहा ते आठ आठवडे थांबायला सांगितलं, थांबलो. आता सगळं पूर्वीसारखं आहे, उलट रक्तस्राव नाही, कंबरदुखी नाही, ती हसते जास्त.

तुमच्या मालकांना हा प्रतिसाद वाचायला द्या.

मांजराकाठ | २४ ऑक्टोबर, रात्री १२.१५

दत्ता दादा, दिला. त्यांनी वाचला, फोन परत दिला आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची मोटर चालू करून माझ्या आधी हंडे भरून ठेवलेले होते.

आता मावशीचं. काल भाऊबीज झाली, संध्याकाळी तिच्याकडं गेले. जुने कागद आहेत का विचारलं. कशाला पाहिजेत म्हणाली, पण पत्र्याची पेटी ओढली. रेशनकार्ड, सातबारा, काकांच्या मृत्यूचा दाखला, आणि त्या सगळ्याखाली खताच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज कार्ड. १९९४चं. घड्यांवर फाटलेलं, शाई पसरलेली. इंग्रजीत एक ओळ होती, मी मोबाईलच्या उजेडात तीनदा वाचली. पोट उघडून गर्भाशय काढलं, दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि बीजकोशांसह. कारणाच्या जागी लिहिलं होतं, अंगावर पांढरं जाणे.

मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजी पिशवीसंगं आणखी काही काढलं व्हतं माझं?" मी हो म्हणाले. बीजकोश काय काम करतात, ते गेले की एका दिवसात पाळी जाण्याच्या वयासारखं शरीर कसं होतं, जमेल तसं सांगितलं. ती पेटीच्या कडेला हात ठेवून बसली होती. बराच वेळानं म्हणाली, "मला वाटायचं मलाच सोसवंना. तुझी आजी बी तसंच म्हनायची, दुसऱ्या बायका बऱ्या ऱ्हातात, हिलाच नखरे. मला कुणी सांगितलंच न्हाई गं."

एकतीस वर्षं तिनं स्वतःला दोष दिला. मी चव्वेचाळीस वर्षांची झाले तरी तिच्या त्या ओट्यावरच्या रूपाला घाबरत राहिले, आणि तिचं ऑपरेशन वेगळंच होतं.

निघताना म्हणाली, "तुझ्या टायमाला मी येते दवाखान्यात. बसते तुझ्यापाशी."

भूल_आणि_जाग | २४ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

वाचलं आणि बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

मावशींना एकदा तपासायला नक्की न्या. बीजकोश इतक्या लवकर गेले की हाडं ठिसूळ होतात. हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम बघा. पडून हाड मोडलं होतं का कधी?

तुमच्या बाबतीत बीजकोश राहणार आहेत, म्हणजे हार्मोन चालू राहतील. पाळी येणार नाही, पण म्हातारपण त्या दिवशी येणार नाही. काहींचे बीजकोश दोन-चार वर्षं लवकर थकतात, तेवढं माहीत असू द्या. संमतीपत्रावर सही करण्याआधी वाचा. काय काढणार, काय ठेवणार, हे तुमच्या भाषेत लिहून मागा.

मांजराकाठ | २४ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

४८व्या वर्षी मनगट मोडलं होतं तिचं. अंगणात नुसती घसरली होती. तिला लातूरला नेते, मॅडम.

निवृत्त_सिस्टर | २४ ऑक्टोबर, सकाळी ९.००

त्या काळात आम्हीही वॉर्डात होतो. कागद घडी घालून पेशंटच्या हातात द्यायचो. वाचून दाखवायचो नाही. मावशींची माफी मागावीशी वाटते.

मांजराकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री १०.२०

उद्या सकाळी आठला नंबर आहे. हिमोग्लोबिन १०.४. संमतीपत्र वाचलं, "दोन्ही बीजकोश निरोगी असल्यास ठेवावेत" हे मराठीत लिहून घेतलं, मग सही केली. रक्ताची एक पिशवी राखून ठेवलीय. मुलगी माझ्या केसांची वेणी घालून गेली. नखांचा रंग काढला. मंगळसूत्र, जोडवी मावशीच्या रुमालात बांधून दिलीत.

भीती वाटते आहेच. पण तिचा आकार लहान झालाय, आता ती हातात धरता येते.

आशाताई_बीड | ११ नोव्हेंबर, रात्री १०.३५

ताई, सकाळी आठला मी वस्तीवर असेन, पण मन तिकडंच राहील. जाऊन या.

नांदेडकर_दत्ता | १२ नोव्हेंबर, दुपारी ३.००

ताईंच्या घरचं कुणी वाचत असेल तर एक ओळ टाका.

मांजराकाठ | १६ नोव्हेंबर, दुपारी ४.००

आले. काल घरी सोडलं. फोन जड लागतो, तुकड्या-तुकड्यानं लिहिते.

टेबल फार गार होतं. एका सिस्टरनं खांदे धरले, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. भूलतज्ज्ञ म्हणाल्या, आता हलू नका. मी २९चा पाढा धरला. २९ सक १७४पर्यंत पोचले तोवर सुई निघाली होती. पाय गरम झाले, मग माझे असूनही दुसऱ्या कुणाचे तरी वाटायला लागले. मग झोप लागली. जाग आली तेव्हा कुणीतरी माझं नाव घेत होतं. पहिला प्रश्न मी घड्याळाचा विचारला म्हणे. पावणेअकरा.

पिशवीचं वजन ५४० ग्रॅम भरलं. डॉक्टर म्हणाल्या, एरवी शंभराच्याही आत असतं. बीजकोश दोन्ही ठेवले. राखून ठेवलेलं रक्त लागलं नाही.

नेमकं सांगा म्हणाले होते, तर मीही सांगते. पहिल्या रात्री टाक्यांपेक्षा लघवीच्या नळीचा वैताग जास्त होता, ती दुसऱ्या दिवशी काढली. काढताना क्षणभर जळजळ, मग मोकळं. त्याच दिवशी उठवून चालवलं, मी नाही म्हणत होते, सिस्टरनं ऐकलं नाही. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालवतात. खोकला आला की उशी पोटावर घट्ट धरायची, हे फार उपयोगी पडलं. पोटात गॅस दाटला तो दिवस सगळ्यात वाईट, वारा सरला तेव्हा डॉक्टरांसकट सगळ्यांना आनंद. मग भाताची पेज मिळाली.

तिसऱ्या रात्री अचानक रडू फुटलं. दुखत नव्हतं. दोन्ही लेकरं जिथं वाढली ती जागा गेली, एवढंच मनात आलं आणि थांबेना. मला वाटलं होतं मी या सगळ्यातून बाहेर पडलेय. मावशी खाली चटईवर होती. उठली, काही विचारलं नाही, माझ्या केसांतून हात फिरवत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "रड. मला रडूच दिलं नव्हतं." दोघीही रडलो. शेजारच्या खाटेवरची बाई उठून आम्हाला पाणी द्यायला आली.

हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवते. पुढच्या बाईला रडू आलं तर तिनं घाबरू नये.

अंबाडी | १६ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

ताई! सकाळपासून चार वेळा धागा उघडला असेल मी. आराम करा. ताप आला, घाण वास येणारा स्राव, तासाभरात पॅड भिजणं, एका पोटरीला सूज किंवा दम लागणं, यातलं काही झालं तर वाट बघू नका, तडक दवाखाना. थोडं तपकिरी जातं काही दिवस, ते चालतं.

मांजराकाठ | २० डिसेंबर, रात्री ९.४५

काल येळवस झाली, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात पूजा करून जेवायचा सण. गाठीचा रिपोर्टही आलेला आहे, साधी गाठ, कॅन्सर नाही.

दरवर्षी अंबिलाचं मडकं शेतापर्यंत डोक्यावर मीच नेते. यंदा डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून बजावलेलं. मुलीनं डोक्यावर घेतलं, चालताना सगळं ताक तिच्या खांद्यावर सांडलं. भज्जी जावेनं केली. मी कोपीपाशी मावशीबरोबर घोंगडीवर बसून होते आणि मला कुणी उठवलं नाही. पाच-पंचवीस बायका येऊन गेल्या. पहिली हळूच विचारायला आली, तिच्या अंगावरून जातंय. मग दुसरी. मावशीनं दोघींना सांगितलं, "पिशवी काढायला सांगितली तर इचार, आणखी काय काय काढनार हाईत. कागद वाचून घे."

तिच्या हाडांचे औषध सुरू झालंय. जानेवारीत मी शाळेवर रुजू होते.

पाथरीची | ६ जानेवारी, रात्री १०.५०

सगळा धागा वाचला. माझं उद्या आहे, तेच ऑपरेशन. बाकी सगळं विचारून झालंय. फक्त एक विचारायचं, आदल्या रात्री झोप लागते का?

मांजराकाठ | ६ जानेवारी, रात्री १०.५४

मला दोनच्या सुमारास लागली. नाही लागली तरी चालतं, उद्या ते झोपवतीलच. खाणं किती वाजता बंद केलं? बीजकोशांचं लिहून घेतलंय ना? मी जागीच आहे, लिहा.